आबांनी स्वच्छ केलेली पेटी

माझ्या मुलीला कान नाही, हे मला बारामतीतल्या एका गाण्याच्या क्लासच्या दारात सांगण्यात आलं. ती तेव्हा दहा वर्षांची होती. सांगणारे सर सभ्य होते. त्यांनी आधी मुलीला चपला घालायला बाहेर पाठवलं, मग आवाज खाली आणला.

"तीन महिने झाले, मॅडम. बाकीची मुलं सुरात आली. ही येत नाही. काही मुलांना कान नसतो, त्यात तिचा दोष नाही. तिला कीबोर्ड द्या. पट्टी दाबली की सूर बरोबरच येतो."

मुलगी चपला घालून जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. हे मला त्या दिवशी कळलं नाही. आठवड्याभराने शाळेत गेले तेव्हा तिच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, "प्रार्थनेला ती आजकाल नुसते ओठ हलवते. आवाज काढत नाही. घसा बरा आहे ना?"

घसा बरा होता.

मी एका वर्तमानपत्राच्या बारामती कार्यालयात उपसंपादक आहे. गावोगावच्या बातमीदारांनी पाठवलेला मजकूर तपासणं हे माझं काम. एकाच माणसाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्या कुणाकडून पडताळल्याशिवाय छापायची नाही, हा तिथला पहिला नियम. मुलीच्या बाबतीत मी तो पाळला नाही. सरांनी सांगितलं, मी मानलं, आणि घरी जाऊन नवऱ्याला तसंच्या तसं सांगितलं.

त्याआधीची गोष्ट अशी. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, इंदापूर तालुक्यात डाळिंबाची बाग करतात. भिगवणहून एसटीने पाऊण तासावर गाव. गावच्या भजनी मंडळात त्यांनी बरीच वर्षं पेटी वाजवली. पेटी त्यांची स्वतःची होती. पुढे मंडळाला नवी पेटी मिळाली, आणि जुनी आबांच्या घरी फळीवर जाऊन बसली. नात गाणं शिकणार म्हटल्यावर त्यांचा फोन आला.

"नवी पेटी घिऊ नगा. माझी हाय की. साफ करतो आन धाडतो."

आबांचं साफ करणं गावात सगळ्यांना ठाऊक आहे. फवारणीचा पंप धुतल्याशिवाय ते जेवायला बसत नाहीत. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचला की शेजारचे माणूस बोलावतात, आबा स्वतः नळी नळी उघडून बसतात. खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं अंगणात मांडून पुजायची असतात. त्यांच्या ओळीत कुदळ, खुरपी, पंप, बागेची कात्री आणि शेवटी पेटी असे. पुजायची तर आधी घासायची, हा त्यांचा क्रम. पेटीही ते दरवर्षी उघडून आतून साफ करत. नातीसाठी म्हणून या वेळी त्यांनी तीन दिवस घेतले. पेटी आमच्या घरी आली तेव्हा तिच्या लाकडाला तेलाचा वास होता आणि भात्याच्या घड्यांत धुळीचा कण नव्हता.

मुलगी रोज संध्याकाळी तिच्यापुढे बसू लागली. क्लास आठवड्यातून दोनदा, तासाभराचा, चौदा मुलांचा. पेटी रोज. मी कामावरून यायची तेव्हा जिन्यापर्यंत सा रे ग म ऐकू येई. मला गाण्यातलं कळत नाही. ऐकायला बरं वाटे, एवढंच सांगता येईल.

सरांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही कीबोर्ड आणला. तो शिकवायला एक तरुण घरी येई. त्याची काही तक्रार नव्हती. मुलगी पट्ट्या बरोबर दाबत होती. मात्र एक गोष्ट ती वारंवार करायची. सरगम वाजवताना ग आला की ती थांबायची, ती पट्टी दाबायची, मग तिच्या शेजारची खालची दाबायची, पुन्हा वरची. एकदा मी विचारलं, काय शोधतेस?

"मधला," ती म्हणाली.

"कशाच्या मधला?"

"ह्या दोघींच्या. ह्याच्यात तो नाहीये. पेटीत आहे."

मी हसले होते. कीबोर्ड हे कारखान्यात तयार झालेलं यंत्र, पेटी पन्नास वर्षांची. त्या दोघांपैकी कुणाचं खरं धरायचं, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. तरुण शिक्षकानेही हसून सोडून दिलं. कीबोर्डचा तास संपला की ती पेटी काढायची आणि थोडा वेळ वाजवायची. गाणं मात्र तिने बंद केलं होतं. पेटी वाजवताना तोंड मिटलेलं.

असे सहा-सात महिने गेले. मग आमच्या कार्यालयात छायाचित्रं देणाऱ्या एका बाईंनी सांगितलं की भिगवण रस्त्याला पिठाच्या गिरणीच्या वर एक गाण्याच्या बाई आहेत, त्यांच्याकडे एकदा दाखवा. त्यांनी 'दाखवा' हाच शब्द वापरला, डॉक्टरकडे दाखवावं तसा. मुलगी यायला तयार नव्हती. मी तिला म्हटलं, गायचं नाही, नुसतं बसायचं. ती आली.

बाई पन्नाशीच्या असतील. खोलीत एक सतरंजी, दोन पेट्या, तबल्याची एक जोडी, कोपऱ्यात तंबोरा. खाली गिरणी चालू असे तोवर खिडक्या बंद ठेवाव्या लागत. शाळा सुटल्यावर पोरं येऊ लागली की गिरणीवाला दळण थांबवून चहा प्यायला बसे. हे त्या दोघांनी आपसांत कधी ठरवलं नव्हतं, असं बाई नंतर म्हणाल्या. झालं तसं झालं.

नवीन मुलाला बाई लगेच वाद्य देत नाहीत. आईवडील येताना ठरवून येतात, पोराला तबला हवा, पोरीला पेटी, कुणाला सिंथेसायझर. बाई ऐकून घेतात, मान हलवतात आणि पोराला टाळ देतात. महिनाभर फक्त टाळ. बाकीचे गातात, वाजवतात, त्यांच्यात बसून ठेका धरायचा. एका गृहस्थांनी माझ्यासमोर विचारलं होतं, "टाळ काय, बाई, आमच्या गावात म्हशी राखणारं पोरगंबी वाजवतं."

"मग तुमच्या मुलाला जमेल," बाई म्हणाल्या.

माझ्या मुलीलाही टाळ मिळाला. ठेका तिला पहिल्याच दिवशी जमला. बाईंनी ते पाहिलं. तिसऱ्या आठवड्यात, मुलं गेल्यावर, त्यांनी तिला थांबवून घेतलं.

"तू गात का नाहीस?"

मुलगी टाळाची दोरी बोटाला गुंडाळू लागली.

"आवडत नाही?"

"मला कान नाही," मुलगी म्हणाली. ज्या स्वरात आपण चष्मा आहे किंवा रक्तगट अमुक आहे असं सांगतो, त्या स्वरात.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्यांनी तंबोरा घेतला आणि म्हणाल्या, "बरं. कान नसू दे. तोंड आहे ना? सा म्हण."

बराच वेळ लागला. शेवटी तिने सा म्हटला. बाईंनी रे म्हणायला सांगितलं, मग ग. ग वर बाईंचं बोट तारेवर क्षणभर थांबलं. त्यांनी तिला पूर्ण सरगम म्हणायला लावली. मग पुन्हा. मग पुन्हा. तिसऱ्यांदा झाल्यावर त्यांनी तंबोरा मांडीवरून उतरवला.

"घरी कोण शिकवतं हिला?" त्यांनी मला विचारलं.

"कोणी नाही. आमच्या घरात कुणाला येत नाही."

"कोणीतरी शिकवतंय." मग त्या म्हणाल्या, "ज्यांना सूर लागत नाही ती पोरं दर वेळी वेगळी चुकतात. एकदा वर, एकदा खाली. ही तीनही वेळा तेवढीच चुकली. ग खाली, ध खाली, बाकी सगळं जिथल्या तिथं. एवढं एकसारखं चुकायला कान लागतो. कुणाचा तरी ऐकून ऐकून पक्का केलाय हिने हा गंधार."

"पेटीचा," मुलगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पेटी चादरीत बांधून रिक्षाने गिरणीवर नेली. बाईंनी भाता उघडला, सा वाजवला, मान हलवली. रे वाजवला. ग वाजवला आणि पट्टी दाबूनच ठेवली. दुसऱ्या हाताने त्यांनी स्वतःच्या पेटीचा ग दाबला. दोन्ही एकदम वाजले तेव्हा मला, गाण्यातलं न कळणाऱ्या बाईलाही, दातांखाली खडा आल्यासारखं झालं.

"पेटीचा गंधार तंबोऱ्याशी तसाही पुरता जुळत नाही," बाई म्हणाल्या. "पण तो फरक केसाएवढा. हा बघा किती खाली आहे. पाव सुराच्या आसपास." मग मुलीला म्हणाल्या, "तू ह्या पेटीचा ग अगदी बरोबर म्हणतेस."

मला त्या वेळी जे वाटलं त्याला सुटका म्हणता येईल. मुलीला तसं काही वाटलं नाही. येताना रिक्षात ती पेटीवर हात ठेवून बसली होती.

"म्हणजे मी वर्षभर चुकीचं पाठ केलं," ती म्हणाली.

"तुझी चूक नव्हती."

"पण पाठ झालंय."

ते खरं होतं. पुढचा दीड महिना तिला त्यातून बाहेर येण्यात गेला. बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. पेटी चादरीतच ठेवायची, उघडायची नाही. आणि ती दुरुस्त करायला कारागिराकडे नेऊ तेव्हा मुलीने तिथे शेवटपर्यंत बसायचं. आपलं वाद्य लावलं जात असताना विद्यार्थ्याने हजर असलंच पाहिजे, हा त्यांचा जुना नियम आहे. तबल्याला पुडी, म्हणजे वरचं कातडं, घालायची असली तरी त्या पोराला सोबत पाठवतात. कारागिराकडे गर्दी होती. गणपतीच्या आधी आरतीमंडळं आणि भजनी मंडळं सगळी एकदमच जागी होतात. आमचा नंबर दीड महिन्यानंतरचा होता.

तेवढ्या काळात मुलगी क्लासला जात होती. तंबोऱ्याबरोबर सा धरायचा आणि तिथून सरळ ग. दुसरं काही नाही. बाई तिला म्हणायच्या, वर ये, अजून वर, थांब, तिथेच. तिथे पोचल्यावर ती डोळे बारीक करायची. "टोचतो," ती म्हणायची. खरा ग तिला टोचत होता. घरी वेणी घालून घेताना ती नकळत गुणगुणायची, आणि माझ्याही आता लक्षात येऊ लागलं होतं की तो जुनाच ग आहे. मी काही बोलायची नाही. तिच्या लक्षात आलं की ती मध्येच थांबायची.

एकदा ती क्लासवरून आली आणि दप्तर न काढताच म्हणाली, "मला तबला द्या."

"का?"

"तबल्याला ग नसतो."

मी बाईंना फोन केला. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तबला शिकायचा असेल तर जरूर शिकू दे. ठेका चांगला आहे तिचा. पण आत्ता ती तबल्याकडे जात नाहीये, गाण्यापासून पळतेय. आज पळाली तर चाळिसाव्या वर्षीसुद्धा सांगेल की मला कान नव्हता. पेटी लावून होऊ द्या. त्यानंतर ती म्हणेल ते वाद्य देईन, एक शब्द बोलणार नाही."

असा करार झाला. मुलीनेही मान्य केला.

पेटीचे सूर कशाने उतरले, याचा अंदाज बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. आत कुणीतरी घासलंय, असं त्या म्हणाल्या होत्या. कुणी घासलं असेल हे मला आणि नवऱ्याला लगेच कळलं. आबांना सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं. मी मुलीलाही सांगू नकोस म्हणून बजावलं. ते फोनवर विचारायचे, "वाजिवती का गं पेटी?" आणि ती माझ्याकडे बघत म्हणायची, "हो आबा."

दुरुस्तीच्या दिवशी आबा स्वतः आले. पेटी त्यांची, कारागिराकडे जायची, मग ते घरी कसे बसतील? नवऱ्याने फोनवर नुसतं "सर्व्हिसिंग" म्हटलं होतं. सकाळच्या एसटीने ते उतरले. धोतर, टोपी, हातात पेरूंची पिशवी. दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत, दहा फुटांची खोली. कारागीर चाळिशीचा, चष्मा कपाळावर सरकवलेला. तो आम्हाला ओळखत नव्हता. बाईंनी पाठवलंय, एवढंच त्याला माहीत.

त्याने पेटीचं झाकण काढलं, आतली रीडची पट्टी उचलून उजेडात धरली. रीड म्हणजे पितळेची पातळ जीभ. प्रत्येक सुराला एक, किंवा आमच्या पेटीत होत्या तशा दोन. हवा गेली की ती थरथरते आणि सूर वाजतो. सगळ्या जिभा सोन्यासारख्या चमकत होत्या.

"आयला," कारागीर म्हणाला. "कुणी घासलं हे?"

माझा नवरा दुकानाच्या पाटीकडे बघू लागला.

"मी," आबा म्हणाले.

"कशानं?"

"झिरो नंबरच्या कागदानं. पंपाचा व्हॉल्व घासतो त्याच. हिरवं धरत व्हतं तितं. दर खंडेनवमीला घासतो."

"किती वर्सं?"

आबांनी टोपी मागे सारली. "लई."

"आबा, पंप हाय व्हय ह्यो?" कारागीर म्हणाला. तो रागावला नव्हता. त्याला मजा वाटत होती. "हे बघा. रीड टोकाला घासलं की सूर चढतो. बुडाशी घासलं की उतरतो. हिरवं कुठं धरतं? बुडाशी, खिळ्यापाशी. ज्या रीडला जास्त हिरवं, तिला तुमी जास्त घासलं. ती जास्त उतरली. घासून घासून निम्मी पेटी खाली आणलीय तुमी."

"मंग भजनात कुणाच्या कसं ध्यानात आलं न्हाय?"

"भजनात पंधरा टाळ आन पखवाज. त्यात पेटी कुणाला ऐकू येती?"

आबा हसले. एकटेच. मग त्यांचं हसू थांबलं आणि ते नातीकडे वळले.

"ह्यापायी तुझं गाणं आडलं व्हय?"

तिने हो म्हणून मान हलवली.

"तुला ठावं व्हतं?"

"दीड महिना झाला."

"आन मला सांगितलं न्हायस?"

"आईने सांगू नको म्हटलं."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मला अठरा वर्षं झाली या घरात येऊन, त्यांनी माझ्याकडे असं सरळ फार कमी वेळा पाहिलंय. "जगाच्या बातम्या छापती," ते कारागिराला म्हणाले, "आन घरातली दाबती."

"मोठ्या पेपरात असंच चालतं, आबा," कारागीर म्हणाला.

आबांनी पिशवीतून एक पेरू काढला, पुसला आणि कारागिरापुढे ठेवला. मग खाली सतरंजीवर मांडी घालून बसले. "आता कसं करायचं ते दाव," ते म्हणाले. "मला बगू दे."

काम तीन तास चाललं. कारागीर एकेक रीड काढायचा, टोकाशी बारीक कानशीने दोन-तीन हलके हात मारायचा, फुंकून बघायचा, मोबाइलवरच्या सूर दाखवणाऱ्या यंत्रापुढे धरायचा. काटा मध्ये आला की पुढची. आबा प्रत्येक हाताला मान पुढे करून बघत होते. त्यांनी दोन प्रश्न विचारले. टोकाला जास्त घासलं तर काय होतं, आणि हिरवं धरू नये म्हणून काय करायचं. दुसऱ्याचं उत्तर होतं, काही करायचं नाही, पेटी रोज वाजवायची.

मुलगी भिंतीला टेकून बसली होती. पहिला तासभर ती पेरू खात होती आणि बाहेर बघत होती. मला वाटलं, ती करार पुरा करतेय एवढंच. ग लागला तेव्हा मात्र ती पुढे सरकली. कारागिराने तो दोनदा वाजवला. तिने डोळे बारीक केले नाहीत.

शेवटी त्याने सगळ्या रीड बसवल्या, रीडची पट्टी जागेवर ठेवली, झाकण लावलं. खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या वाजवून दाखवल्या. माझ्या कानांना सगळं सारखंच उत्तम वाटलं. आबा म्हणाले, "झ्याक." कारागिराने हात पुसायला घेतले.

"वरचा ध," मुलगी म्हणाली.

"काय वरचा ध?"

"खाली आहे."

"न्हाय बाळा. समदं मशिनवर लावलंय."

"त्यातला एक खाली आहे. एक बरोबर आहे."

कारागिराने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. त्याने वरचा ध दाबला आणि कान पेटीच्या लाकडाला लावला. बराच वेळ तसाच राहिला. मग झाकण पुन्हा काढलं. त्या सुराच्या दोन रीडपैकी दुसरी सुरात लावायची राहून गेली होती. यंत्रापुढे धरल्यावर काटा मधल्या रेघेच्या किंचित डावीकडे थांबला. किंचितच. तिथे असलेल्या आम्हा तिघांनाही तो फरक ऐकू आला नव्हता, आणि रोज हेच काम करणाऱ्या माणसाच्या हातून तो सुटला होता.

"मला दोन सूर वेगळे ऐकू आले न्हायत," कारागीर म्हणाला. "कान हाय पोरीला. कुठं शिकती?"

त्याला काहीच माहीत नव्हतं. क्लासच्या दारात काय झालं होतं, प्रार्थनेला ती ओठ हलवते, तबल्याचा करार, यातलं काहीही त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने पुढ्यातली कानस उचलली आणि कामाला लागला. म्हणून त्याच्या त्या वाक्याला जी किंमत होती, ती आम्ही कुणी कितीही समजावलं असतं तरी आमच्या बोलण्याला आली नसती. त्या कारागिराचे आभार मानायचे राहून गेले. नंतर मी एकदा गेले होते. त्याला ती पेटी आठवत होती, मुलगी नीटशी आठवत नव्हती. "त्या घासणाऱ्या आबांची नात व्हय?" तो म्हणाला.

त्या दिवशी मुलगी काय म्हणाली ते लिहिण्यासारखं विशेष नाही. ती म्हणाली, "भूक लागली." आम्ही चौघं बसस्थानकाजवळ मिसळ खायला गेलो. पेटी आबांच्या शेजारी खुर्चीवर होती, आणि वेटरने ती हलवायला सांगितली तेव्हा आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, ती बी आमच्यातलीच हाय." जेवताना नवऱ्याने तिला विचारलं, मग, तबल्याचं काय ठरलं? मी त्याच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

तिने पावाचा तुकडा रश्श्यात बुडवला. "त्यांनी दुसरी रीड तपासलीच नव्हती," ती म्हणाली. "मशिन एका वेळी एकच ऐकतं."

आबा त्या दुपारच्या गाडीने गेले नाहीत. मुक्कामाला राहिले. ते आमच्याकडे सहसा राहत नाहीत, बागेला पाणी असतं. संध्याकाळी मुलीने पेटी उघडली आणि ते दारातल्या खुर्चीवर बसले. तिने सरगम वाजवली, तोंड मिटून. आबा म्हणाले, "आता म्हण की." ती म्हणाली, "उद्या. बाईंच्यासमोर." त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. मी आजवर त्यांना एवढं कमी बोलताना पाहिलेलं नाही. आपण ज्या गोष्टीची सर्वांत जास्त काळजी घेतली तीच आपल्या हातून बिघडली, हे त्यांनी भर दुकानात, सून-मुलगा-नातीसमोर, एका शब्दात मान्य केलं होतं. घरी मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, सांगायला हवं होतं, चुकलं. "चुकलं तर चुकलं," ते म्हणाले. "पेटी नसती तर ती गाण्याला बसली असती का, त्ये बी बग." हे मी बघितलं होतं. तिचा कान बिघडला तो त्या पेटीने, आणि तयारही त्याच पेटीने झाला. रोज एक तास एका सुराशी बसायची सवय तिला कुठल्या क्लासने लावलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला क्लासला सोडायला वर गेले. आबाही आले आणि दाराशी बसले. बाईंनी पेटी वाजवून पाहिली, ठेवून दिली.

"बोल," त्या मुलीला म्हणाल्या. "तबला का?"

मुलगी थोडा वेळ तबल्याच्या जोडीकडे बघत राहिली.

"नको," ती म्हणाली.

बाई खरोखरच एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी तंबोरा उचलला. खाली गिरणी थांबली होती. मुलीने सा लावला, रे म्हटला, आणि ग वर पोचली. बाईंनी तिला तिथे थांबवलं नाही. ती म, प, ध, नि म्हणत पुढे गेली.